जगाया गेली

प्रकल्पवही तपासायला घेतली की मी शेवटचं पान आधी उघडते. प्रस्तावना, उद्दिष्टे, निरीक्षणे वगैरेंच्या वाटेला नंतर जाते. शेवटच्या पानावर ‘निष्कर्ष’ असं ठळक अक्षरात लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली असते, आणि त्याखाली गाईडातून उतरवलेलं एक वाक्य असतं : ‘अशा प्रकारे पर्यावरणाचे रक्षण करणे ही काळाची गरज आहे.’ विषय जव्हारच्या मोगऱ्याचा असो, नाचणीच्या बियाण्याचा असो की पाड्यावरच्या विहिरीचा, काळाची गरज ठरलेली. मी त्यावर लाल पेनाने फुली मारते आणि बाजूला एकच शब्द लिहिते. कशावरून?

जव्हारच्या ज्या कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवते तिथली मुलं मला पाठीमागे ‘कशावरूनबाई’ म्हणतात. म्हणोत बापडी. एका मुलीने मोगऱ्याच्या प्रकल्पात लिहिलं होतं, ‘निष्कर्ष : शेतकरी सुखी झाला.’ मी विचारलं, कशावरून? म्हणाली, बाई, त्याच्या घरावर नवे पत्रे आलेत. मी तिला पुन्हा साखरशेत गावाला पाठवलं, त्याच माणसाकडे. परत येऊन तिने लिहिलं, पत्रे मोगऱ्याचे नाहीत, मुलगा ठाण्याला वॉचमन आहे, त्याने घातलेत. त्या पानावर मी कधी नव्हे ते ‘छान’ लिहिलं. मुलगी मात्र चार दिवस माझ्याशी बोलत नव्हती, कारण दोन वेळा वडापच्या जीपमधून लोंबकळत जावं लागलं होतं.

सहकारी म्हणतात, बाई, थोडक्या गुणांचा प्रकल्प तो, पोरांचा एवढा काय जीव काढता? त्यांना मी काय सांगणार? मला कळतं की हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं आहे. ज्या माणसाच्या निष्कर्षावर मला फुली मारायची होती तो मला सापडत नव्हता, म्हणून मी पोरांच्या वह्या रंगवत होते.

निष्कर्ष म्हणजे ओढून काढलेलं. शब्दाचा अर्थच तो आहे. आमच्याकडे पावसाळ्यात बांधाच्या बिळातून खेकडा ओढून काढतात. ज्याला काढता येतो तो आधी बिळाचं तोंड बघतो, माती ताजी आहे का बघतो, मग हात घालतो. न बघता हात घातला तर आत साप असू शकतो. पण साप चावला तर चावतो हात घालणाऱ्याला. कागदावरच्या निष्कर्षाचं तसं नसतं. तिथे हात एकाचा आणि चावतं दुसऱ्यालाच.

माझा पाडा मोखाडा तालुक्यात, पोशेऱ्याच्या बाजूला डोंगराच्या कडेला आहे. बाप मी लहान असतानाच गेला. आई भात आणि नाचणी करायची, पण ते धान्य दिवाळीनंतर फार टिकायचं नाही. मग पाड्यावरचे इतर जातात तशी तीही जायची. मी चौथीत होते तेव्हा ती भिवंडीकडच्या वीटभट्टीवर गेली. दीड वर्षाचा भाऊ अंगावर पीत होता, त्याला तिने नेलं. माझी शाळा बुडू नये म्हणून मला काकीकडे ठेवलं. होळीला येते म्हणाली. यात नवल काही नव्हतं, पाड्यावरच्या निम्म्या घरांत हेच चाललं होतं.

महिन्याभराने जीप आली. शाळेबाहेरच्या मुलांची पाहणी करायला शहरातला एक तरुण माणूस आला होता. त्या दिवशी मी शाळेत गेले नव्हते, पाय कापला होता, जखम चिघळली होती. उंबऱ्याशी उभी होते. त्याने काकीला विचारलं, "हिची आई कुठे आहे?"

काकी म्हणाली, "आयस जगाया गेली."

"कधी येणार?"

"काय ठावं," काकी म्हणाली. काकी सगळ्याच प्रश्नांना असंच म्हणायची. उद्या सूर्य उगवेल का विचारलं असतं तरी ‘काय ठावं’ म्हणाली असती. पँटवाल्या माणसासमोर पक्कं काही बोलायचं नाही हे तिने आयुष्यभर पाळलं होतं.

त्याने मान हलवून लिहून घेतलं. आठ दिवसांनी जीप परत आली आणि मला घेऊन गेली. दूरच्या एका शहरातल्या, निराधार मुलींच्या वसतिगृहात मला ठेवलं. तिथे फरशी होती, रांगेने ठेवलेल्या पेट्या होत्या, आणि माझं बोलणं ऐकून हसणाऱ्या चाळीसेक मुली होत्या. महिन्याभरात मी त्यांच्यासारखं बोलायला लागले. हसू कमी झालं.

आई होळीला आली तर मी नाही. काकी म्हणाली, सरकारने नेली. आई मोखाड्याला गेली, तिथून जव्हारला. या टेबलावरून त्या टेबलावर गेली. रेशनकार्डावर माझं नाव चढवायचं राहून गेलं होतं, त्यामुळे मी तिचीच हे दाखवायला तिच्याकडे तोंडाशिवाय काही नव्हतं. दुसरी होळी उलटून गेल्यावर ती वसतिगृहाच्या दारात उभी राहिली, सोबत गावातले गुरुजी आणि हातात दाखला. अधीक्षिकाबाईंनी माझी फाईल काढली आणि आईला माझ्यासमोर वाचून दाखवली : ‘मुलीची आई स्वतःचे आयुष्य जगण्यासाठी मुलीला सोडून निघून गेली आहे. निष्कर्ष : मुलगी निराधार.’

आई म्हणाली, "बाई, मी जगाया गेलती."

अधीक्षिकाबाई म्हणाल्या, "तेच तर लिहिलंय."

गुरुजींनी मध्ये पडून समजावलं. बाईंना अर्धं पटलं, अर्धं नाही. शेवटी ठरलं की सुट्टीत आईने न्यावं, शिक्षण मात्र इथेच होऊ द्यावं. बाहेर आल्यावर आईने गुरुजींना विचारलं, त्या म्हनतात तसं मी दुसरा घर केला काय?  ती दुसऱ्या घरोब्याची गोष्ट पाड्यावर पोचायला वेळ लागला नाही. कागदावर आहे म्हणजे काहीतरी असणारच, असं म्हणणारी तोंडं आमच्याकडेही आहेत. आईने त्यांच्याशी भांडून भांडून दुसरी कुठलीच भांडणं करायचं सोडून दिलं.

‘स्वतःचे आयुष्य’ हे शब्द काकीचे नव्हते. काकी म्हणाली होती ‘जगाया गेली’, दोनच शब्द. बाकीचे त्या माणसाने स्वतःच्या खिशातून घातले होते. कागदाखालची सही मला वाचता आली नाही, पण वाक्य मी पाठ केलं. मराठी विषय घेतला तोही त्या वाक्यामुळेच. म्हटलं, ज्या हत्याराने मारलं ते आपल्याला चालवता आलं पाहिजे.

गेल्या हिवाळ्यात तो माणूस स्वतःच्या पायाने माझ्या दारात आला. निवृत्त झालेले, पांढऱ्या केसांचे, अतिशय मऊ बोलणारे सर, प्राचार्यांनी स्टाफरूममध्ये आणून बसवले. म्हणाले, जव्हार-मोखाड्याच्या मुलांवर पुस्तक लिहिलंय, प्रकाशक म्हणतात स्थानिक शब्द कोणाकडून तरी तपासून घ्या. प्राचार्य म्हणाले, आमच्या बाईंसारखं दुसरं कोणी सापडणार नाही. मी हो म्हटलं. हस्तलिखित घरी आणून सवयीने शेवटचं प्रकरण आधी उघडलं. ‘निष्कर्ष’ असंच नाव होतं त्याचं. दुसऱ्याच पानावर पोशेऱ्याजवळचा पाडा, पाय कापलेली मुलगी, दारातली काकी, आणि ते वाक्य. एक काना-मात्रा बदललेली नव्हती. पुढे लिहिलं होतं, ‘अशा मातांच्या मुलींना वेळीच आधार मिळाला तर त्या घडू शकतात.’

अशा मातांच्या! मी ते बाड मिटलं आणि घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. इतक्या वर्षांत झाला नव्हता असा. शिकार स्वतः चालत आली होती.

पहिला विचार आला, हस्तलिखित चुलीत घालावं. पण त्याची दुसरी प्रत त्यांच्याकडे असणार. दुसरा विचार, पुस्तकभर अशा चुका पेरून ठेवाव्यात की वाचणाऱ्यांनी हसून लोळावं. तोही सोडला, कारण माझ्या हातून अशुद्ध लिहिलं जात नाही, सूडापायीसुद्धा नाही. मग सुचलं ते मला इतकं आवडलं की त्या रात्री मी गाढ झोपले. या माणसाने माझ्या आईसमोर बसून, तिच्या तोंडावर, हे वाक्य वाचायचं. आणि मग चुकलो म्हणायचं. तिने ऐकायचं. मी बघायचं. ते वाक्य छापून आलं असतं तर आईच्या कपाळावर कायमचं गोंदलं गेलं असतं. ते पुसायचं तर त्याच्याच हाताने, आणि तिच्याच अंगणात.

मी फोन केला. म्हटलं, "सर, शेवटच्या प्रकरणात एका शब्दाची शंका आहे. जागेवर जाऊन विचारलेलं बरं."

ते खूष झाले. म्हणाले, "मॅडम, तुमच्यासारखा तपासनीस मिळायला भाग्य लागतं."

रविवारी त्यांच्याच गाडीतून गेलो. वाटेत मला म्हणाले, निष्कर्ष लिहिताना माणसाने भावनेला बाजूला ठेवलं पाहिजे. मी म्हटलं, अगदी खरं.

पाड्यावर दिवाळीनंतरचं नेहमीचं चित्र होतं. एका दाराला कुलूप, दुसऱ्या दाराला नुसती दोरी. पहिल्या घरासमोर एक म्हातारा टोपली विणत बसला होता. मी सरांना म्हटलं, "विचारा ना, घरची माणसं कुठे आहेत."

त्यांनी विचारलं. म्हातारा म्हणाला, "पोरगा, सून, समदी जगाया गेली."

सरांनी डायरी काढून लिहून घेतलं. दुसऱ्या घरात कडेवर पोर घेतलेली बाई होती. तिचा नवरा कुठे? "जगाया गेलाय. वसईला." तेही त्यांनी लिहिलं, पण या वेळी जरा हळू. तिसऱ्या घराला कुलूप होतं. शेजारीण आपणहून ओरडली, "त्या घरातला कुनी नाय. जगाया गेलं. होळीला येतील."

पेन थांबलं. मी वाट बघत होते त्याचीच.

"लिहा ना सर," मी म्हटलं. "अख्ख्या पाड्याने एकमेकांना टाकून दिलं, असं लिहा. सगळे आपापलं आयुष्य जगायला निघून गेले."

माणूस मूर्ख नव्हता. डायरी तशीच उघडी धरून ते म्हणाले, "जगायला म्हणजे… मजुरीला?"

"पोट भरायला. इथे भरत नाही म्हणून जिथे भरेल तिथे. याला आम्ही जगणं म्हणतो. तुम्ही कोणाला विचारलं नाहीत. तुम्हाला मराठी येत होतं ना!"

 मी मग उरलेलं सांगून टाकलं. ती पाय कापलेली मुलगी मी. त्यांचा चेहरा उतरत गेला तो मी एखादा सिनेमा बघावा तसा बघत होते. दया आली का? नाही आली. माझी आई दोन होळ्या ऑफिसांच्या पायऱ्यांवर बसली होती तेव्हा कोणाला आली होती?

"माझी आई त्या पलीकडच्या घरात आहे," मी म्हटलं. "पान सोबत आणलंय. तिच्यासमोर वाचायचं."

आई अंगणात नाचणी पाखडत होती. आता साठी उलटून गेलीय तिची, पण हात थांबत नाही. मी तिला सांगितलं, आई, तो कागद लिहिणारा साहेब हा. तिने त्यांच्याकडे नीट बघितलं आणि बसायला गोणपाट सरकवलं. सर खाली बसले. मी पान त्यांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं. ‘स्वतःचे आयुष्य’ ते भरभर म्हणून गेले, मी म्हटलं, पुन्हा वाचा. त्यांनी पुन्हा वाचलं. मग पान बाजूला ठेवून त्यांनी हात जोडले.

"ताई, माझी चूक झाली. मी शब्दाचा अर्थ विचारला नाही. हे वाक्य पुस्तकातून काढतो. तुमची माफी मागतो."

एवढ्यासाठी मी इतकी वर्षं थांबले होते.  वाटलं, आता आई रडेल, किंवा त्याला चार शब्द सुनावेल. मला तर ती त्याला सुपाने मारतानाही दिसली होती. तिने यातलं काहीच केलं नाही. 

मग म्हणाली, "काकीनं सांगलं ता सांगलं. पन साहेब, ही काय अंगावरची नव्हती. चौथीला व्हती, बोलत व्हती. हिला नाय इचारलं?"



सरांनी माझ्याकडे पाहिलं. सांगू का, असंच विचारत होते ते. मला म्हणता आलं असतं, सर, पुरे, निघू या. 

"विचारलं होतं, ताई," ते म्हणाले. "गाडीत बसवण्याआधी विचारलं. काकी नीट काही सांगत नव्हत्या, म्हणून हिलाच विचारलं. तुझी आई परत येणार आहे का? ही म्हणाली, नाही. आई आली तर तिच्याकडे राहायचंय का? ही म्हणाली, नको. मला वाटलं, एवढी लहान मुलगी खोटं कशाला बोलेल."

ते खोटं सांगत नव्हते. तसंच झालं होतं.

भट्टीवर जाणारा ट्रक सुटला तेव्हा मी मागे धावले होते. आई भावाला छातीशी धरून मागच्या बाजूला, बायकांच्या घोळक्यात बसली होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, भावाचं डोकं सांभाळत होती. वळणावर दगडाने माझा पाय कापला, मी ओरडले, तरी तिने बघितलं नाही. ट्रकच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल. हे आज कळतं. तेव्हा मी रस्त्यावर बसून ठरवलं होतं, त्याला नेलं ना, मला ठेवलं ना, थांब, दाखवते तुला. जीपवाल्याने विचारलं तेव्हा दाखवलं. होळीला ती येणार हे मला काकीपेक्षा पक्कं ठाऊक होतं. मी दिवस मोजत होते.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. हा लेख लिहायला घेतला तेव्हाही पाय कापला एवढंच लिहिलं आणि पुढे गेले, वाचणाऱ्याच्या लक्षात आलंच असेल. पोरांना मी वर्गात घसा फोडून सांगते की नको असलेलं निरीक्षण गाळलं की हवा तो निष्कर्ष निघतो. मी ते गाळलं होतं आणि त्यावर एका माणसाला फासावर चढवायला निघाले होते. त्या माणसाने अर्थ विचारला नाही हे खरंच. त्याचे ‘स्वतःचे आयुष्य’ हे दोन शब्द मी आजही माफ करत नाही. पण त्याला ते घालायची हिंमत माझ्या ‘नको’ने दिली.

आईने सूप खाली ठेवलं.

"मी येनार, तुला ठावं व्हतं?" तिने मला विचारलं.

"होतं," मी म्हटलं.

"आन तरी नाय बोललीस."

"राग आला होता, आई."

तिने मान हलवली. त्या दोन होळ्या, ती टेबलं, पाड्यावरची ती तोंडं, सगळं ती मनाशी पुन्हा मांडत असावी, निराळ्या क्रमाने. मग ती सरांकडे वळली. तिच्या आवाजात राग नव्हता.

"साहेब, मंग ता वाक्य कशाला काढता? पोरीनं सांगलं ता तुमी लिवलं. तुमचा काय चुकला नाय. भाकर खाऊन जा."

सर नको नको म्हणत होते. तिने ऐकलं नाही. आत जाऊन तिने चूल पेटवली, नाचणीची भाकर थापली, वर लसणाची चटणी ठेवून त्यांच्या पुढ्यात आणून दिली. मग सूप उचलून पुन्हा पाखडायला बसली. मला तिने जेव म्हटलं नाही.